न धुतलेला पापुद्रा

आई: बसा म्हटलं तर बसा ना. उभ्याने वाट बघितली म्हणून ती काही लवकर येणार नाही. दुधाला रविवार कळत नाही, त्यामुळे तिलाही चारपर्यंत डेअरीत थांबावं लागतं.

मॅडम: मी खाली बाकावर बसले असते. तुमची दुपारची झोप मोडली.

आई: झोप कसली, नुसती आडवी झाले होते. आणि खरं सांगू का, ओळखलं नाही म्हणून दार उघडलं मी. एकदाच बघितलं होतं तुम्हाला, हिला तुमच्या प्रयोगशाळेत सोडायला आले होते तेव्हा. काळेभोर केस होते तुमचे.

मॅडम: तेरा वर्षं झाली त्याला.

आई: चार वर्षं तुमच्या हाताखाली आणि नऊ वर्षं इथे. पीएच.डी. करायला गेलेली पोर दोन बॅगा आणि एक खोकं घेऊन परत आली. काय झालं विचारलं तर म्हणे, जमलं नाही. तीन महिने एवढंच वाक्य. मग डेअरीत दूध तपासायला लागली, तेव्हा मी म्हटलं, चला, निदान घराबाहेर तरी पडली.

मॅडम: माझ्याबद्दल काही बोलली नाही?

आई: ती कशाला बोलतेय. हिची खोलीवरची मैत्रीण लग्नाचं बोलवायला आली होती, तिच्याकडून कळलं. दहा जणांसमोर तुम्ही हिला म्हणालात म्हणे, धुण्याची एवढी हौस असेल तर घरी जा, तिथे भांडी पडली असतील. खरं का हो ते?

मॅडम: खरं आहे.

आई: नाही म्हणाल असं वाटलं होतं. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, नऊ वर्षं घोकलेलं. आता काय करू त्याचं?

मॅडम: ऐकवा. मला चालेल.

आई: राहू द्या. असं मागून घेतलं की मजा जाते.

मॅडम: अगदी हेच शब्द होते. सगळे हसले, मीही हसले. एकटी तीच हसली नाही.

आई: पण ती असं धूत तरी काय होती? घरी एक कप विसळायचा म्हणजे हिच्या जिवावर येतं.

मॅडम: सांगते. भाजलेल्या जखमेवर लावायची पट्टी बनवत होतो आम्ही. आम्ही तिला फिल्म म्हणतो, पण पातळ पापुद्राच तो. कोळंबीच्या टरफलांपासून एक पूड मिळते. ती साध्या पाण्यात विरघळत नाही, आम्लाच्या पाण्यात विरघळते. व्हिनेगरमध्ये असतं ना, तेच आम्ल. त्या खळीत चांदीचे कण घालायचे, इतके बारीक की केसाच्या जाडीत काही हजार शेजारी शेजारी बसतील. मग काचेच्या प्लेटमध्ये ओतायचं आणि वाळू द्यायचं. चांदी जंतू मारेल आणि पापुद्रा जखम झाकेल, अशी कल्पना.

आई: कोळंबीची टरफलं. म्हणजे लोक जे कचऱ्यात टाकतात ते माझी मुलगी चार वर्षं धूत होती.

मॅडम: असं म्हटलं तरी चालेल. वाळल्यावर ते आम्ल पापुद्र्यातच राहतं, ते काढायला धुवावं लागतं. बाकीची मुलं एकदा पाण्यातून काढायची आणि मोकळी व्हायची. ही तीन-तीन दिवस धुवायची. तासातासाला पाणी बदलायचं, त्यात आम्ल दाखवणारी रंगाची पट्टी बुडवायची आणि पट्टीवर नळाच्या पाण्याचा रंग येईपर्यंत सोडायचं नाही.

आई: मग चुकलं कुठे तिचं?

मॅडम: तिच्या फिल्मला कडं येत नव्हतं. म्हणजे असं बघा, प्लेटमध्ये जंतू पसरायचे आणि मधे फिल्मची छोटी चकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरते, पण चकतीभोवती ते मेले असतील तर तिथे स्वच्छ गोल कडं दिसतं. जेवढं रुंद कडं, तेवढी फिल्म गुणाची. इतरांना सुरेख कडं यायचं. हिला काहीच यायचं नाही. मी म्हणायचे, तू इतकं धुतेस की चांदीच धुऊन टाकतेस.

आई: टाकत असेलही. हिचा हात लागला की संपलंच.

मॅडम: नव्हती टाकत. चांदी आतच होती, इतकी घट्ट अडकलेली की बाहेर यायचं नावच घेत नव्हती. इतरांच्या प्लेटमध्ये जंतू मरत होते ते न धुतलेल्या आम्लाने.

आई: थांबा, थांबा. मारलं आंबटाने आणि नाव झालं चांदीचं?

मॅडम: हो.

आई: अहो, व्हिनेगरात बुडवलेलं नासत नाही हे मलासुद्धा माहीत आहे. मी काही पीएच.डी. नाही.

मॅडम: आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. कुणाच्या मनात आलं नाही. कडं दिसत होतं आणि आम्हाला तेच बघायचं होतं.

आई: म्हणजे हिचं बरोबर होतं.

मॅडम: हिचं बरोबर होतं. मला हे नऊ वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

आई: आणि आज सांगायला आलात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

(दारात किल्ली फिरते. लेक आत येते आणि एक चप्पल पायातच ठेवून थांबते.)

लेक: मॅडम.

मॅडम: न कळवता आले. कळवलं असतं तर तू येऊ नका म्हणाली असतीस.

लेक: नसते म्हणाले. मी घरी थांबले नसते, एवढंच.

आई: मने, अगं ऐक तरी. ह्या स्वतःच्या तोंडाने सांगतायत की तुझं बरोबर होतं आणि बाकी सगळ्यांचं—

लेक: आई, चहा टाकतेस?

आई: टाकते. पण स्वयंपाकघर काही परगावी नाही, मला इथलं सगळं ऐकू येतं.

लेक: कसं कळलं तुम्हाला?

मॅडम: दुसऱ्या विद्यापीठातल्या एका मुलीचं पत्र आलं. आपला संशोधनाचा पेपर वाचून तिने चार वेळा फिल्म केली, कडं काही येईना. तिने अगदी नम्रपणे विचारलं होतं, माझं काय चुकतंय. मी तिला उत्तर पाठवलं की हात बसायला वेळ लागतो.

लेक: मलाही असंच म्हणायचात.

मॅडम: पाठवल्यावर तेच आठवलं. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मी निवृत्त झाले, पण कोपऱ्यात एक टेबल ठेवलंय मला. फ्रीजमध्ये तळाशी जुन्या फिल्म होत्या. त्या काढल्या आणि धुतल्या. तीन दिवस, पट्टी बुडवून, तुझ्यासारख्या.

लेक: कडं?

मॅडम: शून्य. मग चांदी न घालता एक कोरी फिल्म केली आणि मुद्दाम धुतली नाही.

लेक: चौदा मिलिमीटर.

मॅडम: साडेतेरा. तुला कसं माहीत?

लेक: मी केली होती. चौथ्या वर्षाच्या शेवटी. चौदा आलं होतं.

मॅडम: कोरी, न धुतलेली? तू हे तेव्हाच करून बघितलं होतंस?

लेक: हो.

मॅडम: मग मला का नाही सांगितलंस?

लेक: सांगायला आले होते. तुम्ही मोठ्या टेबलापाशी होतात, तुमच्या हाताखालचे धाकटे सर होते, सगळी मुलं होती. मी म्हटलं, मॅडम, धुण्याबद्दल बोलायचंय. तेव्हा तुम्ही ते भांड्यांचं बोललात. ती प्लेट माझ्या हातात होती.

मॅडम: हातात होती?

लेक: झाकण लावलेली. तुम्ही बघितली नाही.

आई: साखर किती घालू हो तुम्हाला?

मॅडम: नको. काही नको मला.

आई: असं करू नका. बिनसाखरेचा देते, पण घ्या.

मॅडम: मला वाटायचं, तुझ्यात चिकाटी आहे पण नजर नाही. असं मी तुझ्या अहवालात लिहिलंसुद्धा होतं. आणि तू प्लेट हातात घेऊन माझ्यासमोर उभी होतीस.

लेक: जाऊ द्या. पेपरमध्ये तुलनेला कोरी फिल्म दाखवली होती, तिला कडं नव्हतं. ती कुणाची होती हे शोधलंत का?

मॅडम: तुझी असणार. कोऱ्या फिल्म करायला दुसऱ्या कुणाला वेळ नसायचा.

लेक: माझीच. तीन दिवस धुतलेली. आणि शेजारी चांदीची, न धुतलेली. एकाला आंघोळ घालून उभं केलं, दुसऱ्याला तसंच, आणि म्हणे बघा किती फरक.

आई: हे तर मला शाळा न शिकता कळलं असतं.

लेक: आई.

आई: गप्प बसते. चहा घ्या.

मॅडम: मी नुसती कबुली द्यायला आले नाही. ते तर आहेच. पण आता वेळ फार थोडा राहिलाय. एक कंपनी ती पट्टी बनवतेय. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून एका हॉस्पिटलमध्ये भाजलेल्यांच्या वॉर्डात ती वापरून बघणार आहेत. चाळीस रुग्णांवर. आत जंतू वाढणार नाहीत या भरवशावर पट्टी चार दिवस उघडायची नाही, असं ठरलंय.

लेक: चार दिवस? आम्ल एका दिवसात संपेल.

मॅडम: जखमेच्या पाण्यात त्याहूनही लवकर. मी बघितलं ना. धुतलेल्या फिल्मखाली जंतू मजेत वाढतात, वर झाकण मिळाल्यासारखे.

लेक: धाकट्या सरांना सांगितलंत?

मॅडम: सगळ्यात आधी त्यालाच. आता तो विभागप्रमुख आहे, कंपनीचा सल्लागारही तोच. मला खुर्ची दिली, सरबत मागवलं आणि म्हणाला, मॅडम, नऊ वर्षांची शिळी फिल्म, एकट्याने केलेली चाचणी आणि तुमचे डोळे. तुम्ही आता आराम करा. मी कंपनीला पत्र लिहिलं, तर कंपनीने ते पत्र त्याच्याकडेच पाठवलं.

आई: चोराच्या हातात किल्ल्या.

मॅडम: तो चोर नाही हो. तेच तर वाईट आहे. त्याला मनापासून वाटतं की पट्टी चालते. मलाही वाटायचं.

लेक: मग माझ्याकडे काय हवंय?

मॅडम: तुझी वही. तेव्हाची, तारखांसकट. ताज्या फिल्म, धुतलेल्या, शून्य कडं. मग कुणी शिळी म्हणू शकणार नाही, आणि मी एकटी म्हातारी बरळतेय असंही म्हणता येणार नाही. फिल्मची वही तू नेलीस याचा मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं नेलीस.

आई: आहे की वही. त्या खोक्यात, माळ्यावर. मने, देऊन टाक. कळू दे जगाला कोण बरोबर होतं ते. नऊ वर्षं मी लोकांना सांगतेय, मुलीला कंटाळा आला म्हणून तिने सोडलं. माझी जीभ झिजली खोटं बोलून.

लेक: नको आई.

आई: नको काय? आता तर समोरून मागायला आल्या आहेत.

लेक: वही नाही देता येणार.

मॅडम: तुझा राग मी समजू शकते. माझ्यावर काढ तो. पण त्या चाळीस माणसांनी तुझं काही बिघडवलेलं नाही.

लेक: रागाचं नाहीये, मॅडम. पेपरमधलं पहिलं चित्र आठवतंय?

मॅडम: न आठवायला काय झालं. तेच चित्र कंपनीच्या माहितीपत्रकावर आहे. अगदी कंपासने काढल्यासारखं कडं.

लेक: ती प्लेट माझी आहे.

मॅडम: छे. तू कधी न धुतलेली फिल्म करायला तयार नव्हतीस. ती धाकट्याच्या मुलांची आहे.

लेक: त्यांच्या प्लेटमध्ये कडं वेडंवाकडं होतं. चकत्या सरकायच्या त्यांच्या. फोटोसाठी गोल हवं होतं. धाकटे सर मला म्हणाले, तुझा हात सुबक आहे, एवढी एक न धुता करून दे, मग मी तुझ्या प्रबंधाचं मॅडमशी बोलतो. ते भांड्यांचं झाल्यानंतर महिन्याभराने.

मॅडम: आणि तू करून दिलीस?

लेक: करून दिली. एकदा पाण्यातून काढली आणि ठेवली. दुसऱ्या दिवशी उघडली तर इतकं गोल कडं आलं होतं की मलाच बघत राहावंसं वाटलं. आणि ते कशाने आलंय हे मला माहीत होतं. त्या इमारतीत फक्त मलाच माहीत होतं. वहीत लिहिलं, तारीख, वेळ, धुतलेली नाही, कडं आम्लाचं. वही मिटली आणि प्लेट नेऊन त्यांच्या हातात दिली.

आई: मने.

लेक: आता वही दिली तर माझं बरोबर होतं हेही दिसेल आणि मला माहीत होतं हेही दिसेल. एकाच वहीत, चार पानांच्या अंतराने.

मॅडम: तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

लेक: हो. तुमची चूक झाली. माझी चूक नाही झाली, मी जाणूनबुजून केलं.

आई: पण का गं? तू अशी नव्हतीस. लहानपणी दुसऱ्याची पेन्सिल दप्तरात आली तर रडत परत द्यायला जायचीस. मग तेव्हाच काय झालं तुला?

लेक: कंटाळले होते. जाऊ दे ना.

आई: कंटाळून असं करणारी नाहीस तू. कुणी काही बोललं होतं? ह्या पुन्हा बोलल्या होत्या?

लेक: नाही, मॅडम नाहीत. तुला फोन केला होता मी त्या संध्याकाळी.

आई: मला?

लेक: आठवत नसेल तर राहू दे.

आई: तू रडत होतीस. म्हणालीस, हे मला चुकीचं करायला सांगतायत.

लेक: हं.

आई: आणि मी म्हटलं, चार वर्षं झाली, अजून किती दिवस तेच धूत बसणार आहेस. मोठी माणसं सांगतायत ना, कर तसं आणि मोकळी हो. त्यांना काय तुझ्यापेक्षा कमी कळतं.

लेक: तुला काय माहीत होतं त्यातलं.

आई: काही माहीत नव्हतं, म्हणून तर गप्प बसायला हवं होतं. आणि नऊ वर्षं मी ह्यांना शिव्या घालतेय. रोज नसेल, पण आठवड्यातून एकदा तरी. अहो मॅडम, खरंच सांगते, ज्या दिवशी भाजी करपायची त्या दिवशीसुद्धा तुमचंच नाव घेतलंय मी.

मॅडम: घ्यायलाच हवं होतं.

लेक: आई, मी सोडून आले ते तुझ्यामुळे नाही. मॅडम बोलल्या म्हणूनही नाही. ते लागलं मला, खोटं कशाला सांगू, अजून लागतं. पण तेवढ्यासाठी मी निघाले नसते. मी ती प्लेट करून दिली आणि त्यानंतर मला कुठल्याच प्लेटकडे बघवेना. झाकण उघडलं की वाटायचं, हेही मीच करून आणलंय.

मॅडम: तुझं नाव त्या पेपरवर नाही.

लेक: धाकट्या सरांनी विचारलं होतं घालू का म्हणून. मी नको म्हटलं. तेवढीच लाज शिल्लक होती.

मॅडम: ऐक. मी असं करते. वहीतली पहिली पानंच नेते. तुझ्या धुतलेल्या फिल्मची. शेवटच्या पानांबद्दल मी कुणाला चकार शब्द सांगणार नाही. फोटो कुणाचा होता हे कुणी विचारणारही नाही.

आई: हो, तसंच करा. झाकली मूठ. तेवढ्यावर काम भागेल ना?

मॅडम: भागवीन मी.

लेक: नाही भागणार. पहिली पानं बघून धाकटे सर काय म्हणतील, तुम्हाला माहीत नाही? म्हणतील, हिला जमत नव्हतं. तेव्हाही तेच म्हणाले आणि तुम्ही तेव्हा मान हलवलीत. नुसतं शून्य आलं तर कुणीही म्हणेल की करणारीचा हात वाईट. कोऱ्या फिल्मचं चौदा मी वहीत उतरवलंच नाही, ती प्लेट त्याच दिवशी फेकली. पण त्याच हाताने, त्याच आठवड्यात, त्याच बाटलीतून केलेली फिल्म, एक धुतलेली आणि एक न धुतलेली, आणि कडं फक्त दुसरीला. हे शेवटच्याच पानावर आहे. दोन्ही पानं शेजारी ठेवली तरच पट्टी थांबेल.

मॅडम: खरं आहे.

लेक: मी किती वेळा विचार केला असेल याचा, तुम्हाला कल्पना नाही.

आई: पण मग तुझ्या नोकरीचं काय होईल?

लेक: तेच तर. मी रोज सही करते, आई. माझी सही झाली की टँकर फाटकाबाहेर पडतो आणि गावभर लोक ते दूध पोरांना पाजतात. मला कुणी कधी विचारलं नाही, खरंच तपासलंस का. त्यांचा विश्वास आहे. उद्या कळलं की हिने एकदा माहीत असून खोटी प्लेट दिली होती, तर माझी सही कोण घेईल? मीच घेतली नसती.

मॅडम: मी तुला दे म्हणू शकत नाही. आधी एकदा तुला काय करायचं ते मी सांगितलंय आणि त्याचं काय झालं ते बघितलं. मी वही न घेताच परत जाईन आणि पुन्हा त्याच्या दारात जाऊन बसेन. कुणीतरी ऐकेल.

लेक: एक तारखेच्या आत?

मॅडम: माहीत नाही.

आई: त्या वॉर्डात कोण असतं हो?

मॅडम: कोणीही. स्वयंपाक करताना भडका उडालेल्या बायका. कारखान्यातली माणसं. उकळतं पातेलं अंगावर ओढून घेतलेली मुलं.

आई: आणि त्यांना चार दिवस पट्टी सोडून बघणार नाहीत.

मॅडम: नाही. ताप चढेपर्यंत कळणार नाही.

आई: माझा हात भाजला होता ना गं, तू सातवीत होतीस तेव्हा. रोज उघडून बघायचे डॉक्टर. मी म्हणायचे कशाला रोज उघडता, दुखतं. ते म्हणायचे, आजी, न बघता बरं होत नाही काही. आजी म्हणायचे मला, मेले, चाळिशीसुद्धा आली नव्हती माझी.

लेक: आठवतं.

आई: मने, ते खोकं मी काढून देते. तुझा हात पोचत नाही माळ्यावर.

लेक: पडशील स्टुलावरून. आणि वही खोक्यात नाहीये.

आई: मग कुठे आहे?

लेक: माझ्या कपाटात. साड्यांच्या खाली.

आई: नऊ वर्षं तिथेच आहे? मी ते कपाट वर्षातून दोनदा तरी लावते.

लेक: तू लावायला घेतलंस की मी आधी उचलून ठेवते.

मॅडम: घाई करू नकोस. उद्या विचार कर. परवा कर.

लेक: करून झालाय विचार. तुम्ही आलात म्हणून नाही. ती पट्टी बाजारात येणार असं कधीतरी वाचावं लागेल, याची भीती मला रोजच असायची. पेपर छापून कपाटात धूळ खात पडतात, तसा हाही पडेल असं मी स्वतःला समजावत होते. तुम्ही नसता आलात तर मी आपणहून आले असते का, हे मला ठाऊक नाही. बहुतेक नसते आले.

मॅडम: मी माझ्या पत्रासोबत जोडते वही. तुझ्याबद्दल लिहीन की माझी विद्यार्थिनी, आमच्या दबावाखाली होती. ते खरंच आहे.

लेक: दबाव वगैरे लिहू नका.

मॅडम: अगं, पण त्याने तुझं थोडं तरी—

लेक: लिहा की फिल्म हिने केली, हिला माहीत होतं आणि हिने ती दिली. बाकी तुमचं तुम्ही लिहा, धाकट्या सरांचं ते लिहितील. माझं नाव पूर्ण घाला, आडनावासकट. पेपरवर नव्हतं, इथे असू दे.

मॅडम: मी माफी मागायला आले होते. बसल्यापासून ठरवतेय आणि सगळं बोलले, चाचणीचं, कंपनीचं, वहीचं, तेवढंच राहिलं.

लेक: मग मागा.

मॅडम: आईंच्या समोर?

लेक: तेव्हा दहा जण होते. आज एकच आहे, स्वस्तात सुटताय.

मॅडम: चुकले मी. तू काहीतरी सांगायला आलीस आणि मी तुला सगळ्यांसमोर हसले. ऐकून घेतलं असतं तर तू आज माझ्या टेबलावर असतीस, आणि मी अशी दारोदार फिरत नसते. माझ्याकडून इतकी मुलं शिकून गेली, त्यात नजर असलेली एकच होती आणि तिलाच मी घरी जा म्हटलं. मला क्षमा कर असं म्हणायचा हक्क नाही मला. पण म्हणते.

लेक: मी लगेच काही बोलले नाही तर चालेल?

मॅडम: चालेल.

आई: चहा निवला तुमचा. दुसरा टाकते. या वेळी साखर घालते, नाही म्हणू नका.

लेक: ही घ्या वही. खुणेला कागद घातलेत दोन. पहिला धुतलेल्याचा, दुसरा त्या प्लेटचा. आणि आज इथे बसूनच पत्र लिहा, मी वाचते. घरी गेलात की तुम्हाला माझी दया येईल आणि तुम्ही काहीतरी गाळाल.

मॅडम: तू मला चांगलं ओळखतेस.

लेक: चार वर्षं होते तुमच्याकडे.

आई: मने, इकडे ये जरा. हळू बोल. उद्या डेअरीत जाशील ना गं?

लेक: जाईन. जाऊन आधी साहेबांना सगळं सांगेन. मग त्यांनी सही कर म्हटलं, तर करीन.